स्पीड वॉलचे पहिले साडेचार मीटर : कामाची नोंद

स्पीड क्लायंबिंग म्हणजे भिंत कमीत कमी वेळात चढण्याची शर्यत, आणि तिची भिंत जगात कुठेही गेलं तरी एकच. उंची 15 मीटर, एका लेनची रुंदी 3 मीटर, चढणाऱ्याच्या अंगावर 5 अंशांचा झुकाव, हातासाठी 20 होल्ड (भिंतीवर बोल्टने बसवलेल्या पकडी) आणि पायासाठी 11. फ्रान्सच्या जाकी गोदोफ यांनी ही वाट आखली, आणि आजही सगळे तीच चढतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पीड, बोल्डर (कमी उंचीवर, दोराशिवाय) आणि लीड (उंच भिंतीवर, दोर अडकवत) या तिन्हींना एकत्र बांधून पुरुषांना एक सुवर्ण आणि महिलांना एक सुवर्ण ठेवलं होतं. 2024 ला पॅरिसमध्ये स्पीड सुटं झालं, आणि लॉस एंजेलिसला 2028 मध्ये तिन्ही प्रकारांची पदकं वेगळी असतील. स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि बीएमएक्स फ्रीस्टाइल याच काळात ऑलिंपिकमध्ये आले, पण तिथे गुण पंच देतात. इथे फक्त घड्याळ बोलतं. त्यामुळे आपल्या शेडमध्ये या भिंतीचा फक्त खालचा तुकडा अचूक बांधला, तर त्यावरचा सराव खऱ्या भिंतीवर जसाच्या तसा उपयोगी पडतो. अट एकच, माप चुकता कामा नये.

सांगाडा

मूळ भिंत दीड बाय दीड मीटरच्या पॅनलची असते. दोन पॅनल रुंद, दहा पॅनल उंच. भिंतीच्या अधिकृत नकाशात डावा उभा रकाना एसएन आणि उजवा डीएक्स, आकडे खालून वर. आपण खालचे तीन थर घेतले, म्हणजे 4.5 मीटर.

5 अंशांच्या झुकावाने 4.5 मीटरच्या भिंतीचा माथा पायापेक्षा 39 सेंटिमीटर पुढे येतो आणि उभी उंची 4.48 मीटर भरते. मोबाइलमधल्या कोनमापकावर विसंबू नका. माथ्याच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर टेपने अंतर मोजा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. एका अंशाची चूक म्हणजे माथ्यावर जवळजवळ 8 सेंटिमीटर, आणि भिंत 4 अंशांवर राहिली की प्रत्येक चाल खोटी सोपी वाटायला लागते. वेल्डिंग थंड झाल्यावर सांगाड्याचा पाइप ओढला जातो, म्हणून फळी लावण्याआधी ओळंबा पुन्हा सोडायचा. या भिंतीवर माणूस लटकत नाही, झटके देतो, आणि तेही बाहेरच्या दिशेने. अँकर आणि जोड स्ट्रक्चरल इंजिनीअरने बघितल्याशिवाय कुणीही अंग टाकू नये.

फळ्या आणि टी-नट

18 मिलिमीटरचा मरीन प्लाय (ओलाव्याला टिकणारा), आयएस 710 या भारतीय मानकाचा. साधा प्लाय कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात फुगतो आणि टी-नटचे, म्हणजे प्लायच्या मागे बसून बोल्ट पकडणाऱ्या दातेरी नटचे, दात सैल होतात. बाजारातली आठ बाय चार फुटांची फळी 1220 मिलिमीटर रुंद असल्याने 1500 चं पॅनल एका तुकड्यात निघत नाही. सांधे कुठेही येऊ देत, पण भोकांची जाळी पॅनलच्या हिशेबाने आखायची, फळीच्या नाही. भोकांमधलं अंतर 125 मिलिमीटर. सगळी जाळी पाडण्याची गरज नाही. नकाशातून होल्डची तेवढीच ठिकाणं उतरवली की काम कितीतरी कमी होतं आणि प्लायही मजबूत राहतो.

एम10 टी-नटसाठी 12 मिलिमीटरचं भोक. ड्रिल काटकोनात धरण्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यात तेच भोक पाडून तो मार्गदर्शक म्हणून वापरायचा. टी-नट हातोडीने ठोकला की हमखास तिरका बसतो, आणि पुढून बोल्ट लावताना आटे खातो. त्याऐवजी मागून नट धरा, पुढून मोठ्या वॉशरसह बोल्ट घाला आणि पान्याने ओढत आणा. दात लाकडात शिरताना कुरकुर आवाज येतो. तो थांबला आणि नटची चकती प्लायला सपाट टेकली की थांबा. त्यापुढे ओढलं तर लाकडाचा पहिला थर फाटतो.

होल्ड अधिकृत साच्याचेच घ्या. नकलेची कडा थोडी जरी गोल असली तरी मनगट वेगळ्या कोनात वळतं आणि तीच सवय लागते. प्रत्येक होल्डला 8 मिलिमीटरच्या ॲलन की-ने बोल्ट, शिवाय फिरू नये म्हणून बाजूला एक लाकडी स्क्रू. बोल्ट आखूड असेल तर नटचे दोन-तीनच आटे पकडतो आणि जोराच्या खेचीला नट मागे निसटतो. फार लांब असेल तर मागच्या पाइपला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण होल्ड हलतोच. पहिल्या वीसेक चढायांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण तोवर प्लाय दबतो.

खाली 30 सेंटिमीटर जाडीची मॅट, मागे निदान अडीच मीटरपर्यंत, दोन मॅटमध्ये फट नको. वरच्या होल्डवरून उडी मारायची नाही, उतरूनच यायचं. ऑटो-बिले (चढणाऱ्याचा दोर आपोआप ओढून धरणारं यंत्र) या भिंतीवर लावायचा नाही. पूर्ण उंचीच्या भिंतीवरही साधा ऑटो-बिले धावत्या चढणाऱ्याइतक्या वेगाने दोर ओढत नाही आणि ढील साचते. तिथे वेगासाठीच बनवलेलं यंत्र लागतं.

सुरुवात आणि डावीकडचा वळसा

सह्याद्रीत कातळावर शिकलेल्यांच्या अंगात तीन ठिकाणी आधार ठेवण्याचा नियम भिनलेला असतो. तैलबैल्याच्या कातळभिंतीवर तो जीव वाचवतो. स्पीडमध्ये तोच अडतो, कारण इथे दोन पाय एकाच वेळी टेकलेले असतील तर वेळ जातोय असं समजावं. पहिला टप्पा म्हणून चौथ्या होल्डपर्यंतच जायचं आणि फक्त पाय बघायचे.

खालच्या भागात वाट डावीकडे जाते. जपानच्या तोमोआ नारासाकीने डावीकडचा एक होल्ड सोडून शरीर सरळ वर नेलं, आणि ती चाल आता बहुतेक सगळे वापरतात. नवख्यांकडून इथे एकच गोष्ट वारंवार बिघडते: हात लवकर पोहोचतो, पायाचा जोर अजून यायचा असतो, आणि कंबर भिंतीपासून सुटून अंग दारासारखं उघडतं. उपाय हाताचा नाही. उजवा गुडघा आणि कंबर भिंतीला घासल्यासारखी जवळ ठेवून आधी पाय पूर्ण सरळ करा, हात आपोआप पोहोचतो. ही चाल तुकड्यात करायची: आधी थांबून, मग निम्म्या वेगाने, मग पूर्ण. एका सत्रात पूर्ण वेगाचे सहा प्रयत्न, प्रत्येकानंतर तीन मिनिटं विश्रांती. विश्रांती कमी केली की सरावतो तो थकवा, वेग नाही. नडगीला आणि गुडघ्याला खरचटतंच, तेव्हा लांब पँट घाला.

मोजणी

पॅरिसच्या अंतिम फेरीत इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने 4.75 सेकंदांत चीनच्या वू पेंगला हरवलं. वू पेंगची वेळ 4.77. त्याच दिवशी कांस्यपदकाच्या शर्यतीत अमेरिकेच्या सॅम वॉटसनने 4.74 चा विश्वविक्रम केला, आणि 2025 मध्ये बालीत तो 4.64 वर आणला. महिलांमध्ये पोलंडच्या अलेक्सांद्रा मिरोस्वाफने पॅरिसला 6.06 नोंदवले.

लिओनार्दो आणि वू पेंगमधला 0.02 सेकंदाचा फरक सेकंदाला 60 फ्रेमच्या व्हिडिओत जेमतेम एका फ्रेमचा आहे. म्हणून मोबाइल 240 फ्रेमवर ठेवा. तिथे एक फ्रेम साधारण 0.004 सेकंदाची. मोबाइल तिपाईवर, भिंतीच्या मध्यासमोर, दर वेळी त्याच खुणेवर. बीपचा स्पीकर सुरुवातीच्या जागेच्या अगदी जवळ हवा, कारण आवाजाला साडेतीन मीटर यायलाच 0.01 सेकंद लागतो.

स्पर्धेत तीन बीप वाजतात आणि तिसरा वेगळ्या सुराचा असतो. प्रतिक्रिया 0.1 सेकंदाच्या आत आली तर फॉल्स स्टार्ट. दोन बीपांमधलं अंतर सारखंच असल्याने ठेका पकडून आधीच सुटण्याचा मोह होतो. तालीम अशी: दहा सुरुवाती, फक्त पहिली चाल, आणि 0.1 च्या आतली प्रत्येक सुरुवात बाद. घाईने मिळवलेला शतांश इथे कामाचा नाही.

पुढचं काम

पायाखालचा स्टार्ट पॅड अजून लाकडाचाच आहे, त्यात दाबाचा स्विच बसवायचा आहे. स्विचची तार मॅटवरून न आणता भिंतीच्या मागून न्यायची, नाहीतर पायात अडकते. पावसाळ्याआधी मागच्या बाजूने टी-नटना ग्रीसचा हात, पण दातांना नाही, फक्त आट्यांना.