कूलरमधला होला

धुळवडीचा रंग नखांतून जायच्या आत नागपुरात कूलर धुवायला काढतात. यंदा मी दुपारी बादली, ब्रश असा सगळा सरंजाम घेऊन खिडकीशी गेलो. मागची ताटी गेल्या उन्हाळ्यातच सडून पडली होती. त्या चौकटीतून आत डोकावलो, तर पंपावर होला बसलेला, कबुतराच्याच कुळातला. तो माझ्याकडे बघत होता, आणि मीच आगंतुक असल्यासारखं बघत होता.

"हात नको लावू बाप्पा, अंडे असतील," आई आतून ओरडली. तिला न बघता कसं कळतं कोण जाणे. पण अंडी होतीच. दोन, पांढरीशुभ्र, आणि खाली दहा-बारा काड्या. त्याला घरटं म्हणायचं तर माझ्या लग्नातल्या मांडवाला राजवाडा म्हणावं लागेल. त्यात एक तांब्याची तारही होती, बहुधा आमच्याच वायरिंगची.

पक्ष्यांच्या पुस्तकांत प्रत्येकाचा पत्ता असतो. 'आढळ' असा शब्द असतो आणि पुढे माळरान, झुडपी जंगल, शेतं, मनुष्यवस्तीजवळ. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ खोदतो, कोकिळेला तर स्वतःचा पत्ताच नाही, तिची अंडी कावळ्याकडे. होल्यापुढे 'मनुष्यवस्तीजवळ' लिहिलेलं असतं. या 'जवळ'ची व्याख्या करणाऱ्या माणसाकडे कूलर नसावा.

आमचा पहिला पक्षी मात्र नीलकंठ. दसऱ्याला त्याचं दर्शन घ्यायचं, मगच घरी येऊन सोनं लुटायचं. बाबा पहाटे सायकल काढत. पुढे दांडीवर मी, मागे कॅरिअरवर धाकटी. हिंगणा रोडला तेव्हा शेतं होती, रस्त्याकडेने टेलिफोनच्या तारा, आणि त्या तारांवर नीलकंठ बसतो ही पक्की खबर. बसलेला असताना तो मातकट, अगदी कुणाच्याही लक्षात न यावा असा. उडाला की पंखांतून निळाई अशी उसळते की धाकटी टाळ्या वाजवायची.

एका वर्षी तो दिसलाच नाही. ऊन चढलं, धाकटी भुकेने कुरकुरायला लागली, बाबांचा घाम गळत होता. शेवटी तारेवर एक निळी पाठ दिसली. बाबांनी सायकल थांबवली, हात जोडले. "झालं दर्शन. चला."

"बाबा, चोच लाल आहे त्याची," मी म्हटलं.

"निळा आहे ना? मग झालं."

आम्ही तिघांनी भक्तिभावाने खंड्याला नमस्कार केला. तो खंड्या होता हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. खंड्या म्हणजे पाण्याकाठचा, फुटाळा तलावाच्या काठाला शोभेल असा, ही माझी समजूत. पण हा पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्यापासून लांब, तारेवर बसून टोळ, सरडेसुद्धा टिपतो. बाबांना हे कधी सांगितलं नाही. त्या वर्षी त्यांचं प्रमोशन झालं होतं. हिंगणा रोडला आता मेट्रोचे खांब आहेत.

होल्याचं म्हणाल तर नर-मादी पाळीपाळीने बसत. दोनेक आठवड्यांनी पिल्लं निघाली. कुरूप. त्यांना आईबाप गळ्यातल्या पिशवीतलं दुधासारखं काहीतरी पाजतात. बाप पण पाजतो, हे आईला सांगितल्यावर ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. आणखी दोन आठवडे गेले. बाहेर बेचाळीस. मेअखेरचा नवतपा, ते भाजून काढणारे नऊ दिवस, अजून पुढेच. शेजारच्यांचे कूलर घुमायला लागले, कूलरवाला पोट्टा दोनदा येऊन "भाऊ, नवीन ताटी बसवायची ना?" विचारून गेला. आम्ही टेबल फॅनसमोर ओला पंचा धरून बसत होतो.

एप्रिलच्या मध्यात पिल्लं उडाली. रविवारी कूलर धुवायचं ठरलं. बादली भरली, ब्रश घेतला, मागून डोकावलो.

पंपावर होला. तार तीच, काड्या चार नव्या.

"आई," मी म्हटलं.

"दिसलं मला," ती म्हणाली. "नवतपा लागू दे, मग पाहू."