आमची वाटचाल: लोडरची जॉयस्टिक, केबलवरची आणि वायरवरची

ट्रॅक्टरच्या पुढे लोडर बसला की सगळ्यांचं लक्ष बकेट केवढी, वजन किती उचलतो, किती उंच जातो याच्यावर असतं, पण ऑपरेटरचा हात दिवसभर ज्याच्यावर असतो त्या दांड्याबद्दल कोणी फारसं विचारत नाही. आमची छोटी फर्म त्या दांड्यावरच उभी राहिली. मी, माझा भागीदार आणि आता हाताखाली चार पोरं, एवढाच पसारा. लोडरच्या जॉयस्टिक आणि व्हॉल्व्ह बसवायचे, जुने काढून नवे टाकायचे, बंद पडलेले चालू करून द्यायचे हेच काम. हाताचा जोर थेट व्हॉल्व्हपर्यंत नेणारी केबलची जॉयस्टिक घेऊ की वायरने सिग्नल देणारी इलेक्ट्रिक घेऊ हा प्रश्न जवळपास प्रत्येक फोनवर येतो आणि त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून म्हटलं आपण कसं कसं शिकत गेलो ते एकदा सगळं लिहूनच काढावं.

सुरुवातीला आमच्याकडे यायचे ते दोन लिव्हरवाले लोडर, एक लिव्हर बूमचा, म्हणजे बकेट उचलणाऱ्या हातांचा, आणि एक बकेटचा. त्यांच्या जागी आम्ही एकच जॉयस्टिक द्यायला लागलो. दोन स्पूलचा, म्हणजे आत सरकून तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या दोन दांड्यांचा व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या अंगाला बसवायचा आणि सीटजवळच्या जॉयस्टिकपासून त्याच्यापर्यंत दोन पुश-पुल केबल न्यायच्या. मागे ओढलं की बूम वर, पुढे ढकललं की खाली, डावीकडे बकेट भरते, उजवीकडे ओतते, आणि तिरकं दाबलं की दोन्ही कामं एकदम. वायर नाही, फ्यूज नाही, बॅटरी उतरलेली असली तरी स्पूल हलतो. इंजिन बंद पडलं आणि भरलेला बूम वरच राहिला तर लिव्हर हळूच पुढे केला की तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. या एका गोष्टीसाठी केबलवर माझा आजही जीव आहे.

पण केबल दिसते साधी, तशी ती नाही. असल्या व्हॉल्व्हमध्ये स्पूल मधल्या जागेपासून एका बाजूला जेमतेम सात-आठ मिलिमीटर सरकतो, दुसऱ्या बाजूला तेवढाच, आणि फ्लोटची, म्हणजे बकेट जमिनीवर मोकळी सोडायची, जागा त्याच्याही पुढे शेवटच्या टोकाला. म्हणजे केबलमध्ये नुसती दोन-तीन मिलिमीटर ढिलाई आली की पहिला बळी फ्लोटचा. आमच्याकडे एक जण हीच तक्रार घेऊन आला होता, की जमीन सारखी करायला गेलं की बकेट मातीत घुसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. त्याला वाटत होतं बकेटचा कोन चुकलाय. भागीदाराने जॉयस्टिक पूर्ण पुढे दाबली आणि म्हणाला, "आवाज ऐक, टक् होत नाहीये." फ्लोटला सिलेंडरची दोन्ही तोंडं टाकीकडे मोकळी होतात आणि बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत जाते, पण इथे स्पूल त्या खाचेपर्यंत पोचतच नव्हता आणि पंप बूमला खाली दाबत होता. केबल काढून बघितली तर सायलेन्सरच्या शेजारून गेलेली, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून चिकटलेलं आणि एका जागी इतकं टाईट वळण की बाहेरूनच पिचल्यासारखं दिसत होतं. तो रस्ता आम्हीच काढला होता. त्या दिवसापासून केबल कापायच्या आधी आम्ही दोरी घेऊन तिचा रस्ता लावून बघतो, वळणं मोठी ठेवतो, गरम भागापासून लांब नेतो, आणि टोकाचं रबरी बूट फाटलेलं दिसलं की लगेच बदलतो, कारण पाणी आत शिरतं ते तिथूनच, आधी गंज धरतो आणि थंडीत पाणी गोठलं तर लिव्हर जागचा हलत नाही.

इलेक्ट्रिककडे आम्ही वळलो ते बंद केबिनमुळे. केबिनच्या फ्लोअरमधून दोन जाड केबल काढायच्या म्हणजे भोकं पाडायची, भोकातून धूळ आणि आवाज आत येणार, आणि जॉयस्टिक जिथे केबल पोचेल तिथेच बसणार, ऑपरेटरचा हात जिथे आरामात टेकतो तिथे नाही. वायर मात्र बोटाएवढ्या जागेतून जाते आणि जॉयस्टिक थेट सीटच्या आर्मरेस्टवर बसते, सीटबरोबर मागेपुढे होते. रोज सात-आठ तास लोडर चालवणाऱ्याच्या खांद्याला विचारा याचं महत्त्व.

आणि तिथे आम्ही मोठी चूक केली. पहिला सेट घेतला तो साध्या ऑन-ऑफ सॉलेनॉइडचा, म्हणजे करंट दिला की स्पूल ओढणाऱ्या कॉइलचा, स्वस्त पडला आणि विकणाऱ्यानेही सांगितलं की लोडरला चालतंय. बटण दाबलं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, सोडलं की पूर्ण बंद, मधलं काहीच नाही. खडी भरून बूम खाली घेताना हात सोडला आणि अख्खा ट्रॅक्टर नाक खाली घालून उडाला, मागची चाकं हलकी झाली, अर्धी खडी बॉनेटसमोर सांडली. मग तेलाच्या लाईनमध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाकून वेग कमी केला तर झटका कमी झाला खरा पण सगळंच संथ झालं आणि तेल तापायला लागलं. तो सेट आम्ही परत काढला आणि गिऱ्हाइकाला पुन्हा केबल बसवून दिली, एक पैसा न घेता. ऑन-ऑफ वाईट असतो असं मी म्हणत नाही, ग्रॅबची पकड उघडबंद करायला तो एकदम योग्य आहे, पण बूम उचलायला नको.

त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की जॉयस्टिक चांगली का वाईट हे ठरतं तिच्या पहिल्या बोटभर हालचालीत. पूर्ण ओढल्यावर सगळेच लोडर पळतात. बकेटची धार भिंतीजवळ हळूच टेकवायची असते, भरलेली बकेट ट्रॉलीच्या कडेवरून अलगद न्यायची असते, तेव्हा स्पूल मिलिमीटरच्या हिशोबात उघडावा लागतो. केबलमध्ये हे काम स्पूलवर बारीक खाचा देऊन होतं आणि बाकीचं ऑपरेटरचा हात करतो. इलेक्ट्रिकमध्ये त्यासाठी प्रपोर्शनल व्हॉल्व्ह लागतो, म्हणजे जॉयस्टिक जेवढी कलेल तेवढा करंट कॉइलला आणि तेवढाच स्पूल उघडा.

प्रपोर्शनलवर गेलो तर नवीनच कोडं समोर आलं. सकाळी छान चालणारा लोडर दुपारी मंद पडायचा. जॉयस्टिक तीच, तेल तेच, पंप तपासला, फिल्टर बदलला, काही फरक नाही. शेवटी कॉइलला मीटर लावला. थंड असताना 5 ओहम होती, तास-दोन तास काम करून हात लावता येणार नाही इतकी तापल्यावर 6.4 ओहम. तांब्याचा रेझिस्टन्स एका डिग्रीला साधारण 0.39 टक्के वाढतो, 70 डिग्री वाढल्या की सरळ सव्वा पटीच्या वर. 12 व्होल्टला 2.4 अँपिअर जाणारा करंट 1.9 च्या आसपास आला, मग स्पूल कमी उघडणारच. जॉयस्टिकचा सिग्नल घेऊन कॉइलला करंट देणारा आमचा सुरुवातीचा कंट्रोलर फक्त व्होल्टेजचे ठोके देत होता, जाणारा करंट मोजत नव्हता. करंट मोजून दुरुस्त करणारा कंट्रोलर लावला आणि सकाळ-दुपारचा फरक गेला. त्याच्यातच डिदर म्हणून एक सेटिंग असतं, स्पूलला सतत अगदी बारीक थरथर द्यायचं, नाहीतर तो जागेवर चिकटून बसतो आणि मग एकदम उडी मारतो. हे सेट न करता दिलेली इलेक्ट्रिक जॉयस्टिक हातात घेऊन बरेच लोक म्हणतात इलेक्ट्रिक झटके देते. दोष इलेक्ट्रिकचा नसतो, ती नीट लावलेली नसते.

आणखी एक गोष्ट समजायला आम्हाला उशीर झाला. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये पंप फिक्स, म्हणजे प्रत्येक फेरीला ठरावीकच तेल देणारा असतो आणि व्हॉल्व्ह ओपन सेंटर, म्हणजे जॉयस्टिक मध्यावर असताना तेल व्हॉल्व्हमधून सतत फिरत टाकीत जात असतं. अशा ठिकाणी बकेट रिकामी असेल तर बूम जॉयस्टिकच्या थोड्याशा कलानेच उचलायला लागतो, भरलेली असेल तर जास्त कलवावी लागते, कारण आधी प्रेशर बनायला हवं. केबलवाला ऑपरेटर हे नकळत हाताने सांभाळून घेतो आणि म्हणतो, "मला लोड हातात कळतो." इलेक्ट्रिकमध्ये हाताला फक्त स्प्रिंग लागते. म्हणून जुन्या मुरलेल्या ऑपरेटरला पहिले काही दिवस ते मुकं मुकं वाटतं, आणि त्याचं म्हणणं खरं आहे, त्याला अडाणी समजू नये. आम्ही सुरुवातीचा पॉइंट, म्हणजे जॉयस्टिक किती कलल्यावर बूम हलायला लागेल ते, भरलेल्या बकेटवर आणि रिकाम्या बकेटवर असं दोनदा बघून सेट करतो, त्याच ऑपरेटरला सीटवर बसवून.

जॉयस्टिकच्या आतलं थोडं सांगतो. आधी पोटेन्शिओमीटरवाल्या, म्हणजे ट्रॅकवर घासत सरकणाऱ्या रेझिस्टरच्या यायच्या, त्यात आतला ट्रॅक घासून मधल्या जागेवर सिग्नल उड्या मारायचा. आता चुंबकाची हालचाल ओळखणारा हॉल सेन्सर असतो, चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकत नाहीत त्यामुळे घासणं नाही. एडविन हॉल या शास्त्रज्ञाने या सेन्सरमागचा परिणाम शोधला 1879 साली, आणि आज तो आपल्या लोडरच्या मुठीत बसलाय याचं मला अजून कौतुक वाटतं. साधारण सिग्नल 0.5 ते 4.5 व्होल्ट, मध्यावर 2.5. शून्य ते पाच का नाही, तर वायर तुटली की शून्य दिसतं आणि 5 व्होल्टच्या वायरला टेकली की पाच, म्हणजे कंट्रोलरला कळतं की हा हाताचा इशारा नाही, बिघाड आहे, आणि तो व्हॉल्व्ह बंद करतो. कॅनवरच्या (CAN, म्हणजे दोन वायरींवरून डिजिटल संदेश पाठवणाऱ्या) जॉयस्टिक असतील तर ट्रॅक्टर बंद करून त्या दोन वायरींमध्ये मीटर लावा, 60 ओहम यायला पाहिजे, 120 आला तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे किंवा मध्ये कुठेतरी वायर तुटली आहे. एवढं आमचा नवीन पोरगा पहिल्याच आठवड्यात शिकतो.

इलेक्ट्रिकचे खरे शत्रू मात्र पाणी, ढिली अर्थ आणि वेल्डिंग. भर पावसात एकाचा फोन आला, शेणखताने भरलेली बकेट वरच अडकलीय. जाऊन बघतो तर कॉइलच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज, प्रेशर वॉशरने रोज धुवून धुवून सील गेलेलं. सगळ्यांना लांब उभं केलं, इंजिन बंद ठेवलं आणि व्हॉल्व्हच्या टोकाची मॅन्युअल पिन हळूहळू दाबून बूम खाली घेतला. आमच्या या व्हॉल्व्हमध्ये ते जमतं, पण काही व्हॉल्व्हमध्ये पिन असूनसुद्धा स्पूल ढकलायला लागणारं तेलाचं पायलट प्रेशर नसेल तर स्पूल हलत नाही, म्हणून लोडर देतानाच आम्ही ते मालकाच्या हाताने एकदा करून घेतो. दुसऱ्या एकाने बकेटची चीर वेल्ड करताना बॅटरी जोडलेलीच ठेवली आणि कंट्रोलर जळाला. आता कंट्रोलरच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: वेल्डिंगच्या आधी बॅटरीची अर्थ आणि हा कनेक्टर काढा.

तेलाचंही तसंच. ज्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच आहे तिथे गिअरचा बारीक चुरा फिरत असतो. हाताचा जोर असतो म्हणून केबलवाला स्पूल तो पचवतो, प्रपोर्शनलच्या छोट्या कॉइलमध्ये तेवढी ताकद नसते. अशा ट्रॅक्टरला व्हॉल्व्हच्या आधी वेगळा फिल्टर लावल्याशिवाय आम्ही इलेक्ट्रिक देत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

मग कोणाला काय? लोडर आठवड्यातून दोन-तीन तास चालणार, केबिन उघडी, दुरुस्ती स्वतःच पाना घेऊन करायची सवय, तर केबलच घ्या, आणि ग्रॅब लावायचा असेल तर त्याच जॉयस्टिकच्या मुठीवर एक बटण आणि तेल ग्रॅबकडे वळवणारा एक सॉलेनॉइड डायव्हर्टर एवढंच इलेक्ट्रिक जोडा. आम्ही बसवतो त्यातले सगळ्यात जास्त सेट या मिश्र प्रकारचेच आहेत आणि सगळ्यात कमी फोन त्यांचेच येतात. लोडर रोज दिवसभर चालणार, केबिन बंद, चालवणारे ऑपरेटर बदलत राहणार, तर प्रपोर्शनल इलेक्ट्रिक, कारण प्रत्येकाच्या हाताप्रमाणे वेग कमीजास्त करून ठेवता येतो आणि हात सोडला तरी बूम धक्का न देता थांबतो. पण जवळपास मीटर हाताळणारा कोणीच नसेल तर मी इलेक्ट्रिकला नाही म्हणतो. एवढी मोठी ऑर्डर कशी सोडतोस म्हणून भागीदार सुरुवातीला चिडायचा, पावसातल्या त्या फोननंतर तोही नाही म्हणायला लागला.

ट्रॅक्टर बाहेर काढायच्या आधीची आमची टेस्ट दोन्ही प्रकारांना एकच आहे. पाण्याने काठोकाठ भरलेली बादली लोडरच्या बकेटमध्ये ठेवायची, बूम कमरेएवढा उचलायचा, मध्ये दोनदा थांबवायचा आणि परत खाली टेकवायचा. एकदा थंड तेलावर, आणि मग तास-दोन तास काम करून तेल आणि कॉइल चांगल्या तापल्या की परत एकदा. पाणी सांडलं तर पोरं बादली पुन्हा भरतात आणि भागीदार केबलचा नट नाहीतर कंट्रोलरच्या सेटिंगचा लॅपटॉप, जे असेल ते, हातात घेऊन परत बसतो.