मानशीचं दार उलटं लागलं

गोव्यातल्या पाण्यावर मी मुलांसाठी हाताने पुस्तकं बनवते. मागची नोंद लिहिली तेव्हा विहिरीचं पुस्तक शिवून झालं होतं आणि खाजनाचं (म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतीचं) नुसतं पेन्सिलीत होतं. आता विहीर मुलांच्या हातात जाऊन मळून परत आली आहे, आणि खाजनाने मला दोनदा रडवलंय.

विहिरीचं आधी. नवीन आलेल्यांसाठी सांगते, हे पुस्तक उजवीकडे नाही, खाली उघडतं. वर चिऱ्याचा काठ आणि रहाट, आणि त्याला दोन कागदी पट्ट्या लटकवलेल्या. एक पावसाळ्याची, दुसरी मे महिन्याची. पावसाळ्याची एक घडी सोडली की पाणी लागतं. मेच्या आठही घड्या सोडाव्या लागतात. एक घडी १५ सेंमीची, म्हणजे पट्टी १२० सेंमी. पहिलीच्या मुलाला ती पूर्ण सोडायला बाकावर उभं राहावं लागतं. तेच तर हवं होतं.

पावसाळ्याच्या पट्टीवर सांजांवचा (विहिरीत उड्या मारायचा आमचा पावसाळी सण) मुलगा आहे, डोक्यावर फुलांची कोपेल, म्हणजे मुकुट. तो सुटा कापून दोऱ्याला बांधलाय, म्हणजे विहिरीत उडी मारता येते. पहिल्याच वाचनात एका मुलीने त्याला उचललं आणि शेजारच्या मेच्या विहिरीवर धरलं. खाली बघितलं. म्हणाली, "हांगा उडी मारल्यार पांय मोडटलो." त्या पानावर मी 'पाणी जपून वापरा' असं पेन्सिलीत लिहून ठेवलं होतं. घरी येऊन खोडलं.

शेवटच्या पानाचं श्रेय मुलांचं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, पण मिलिमीटर म्हणजे काय हे मुलांना (आणि खरं सांगायचं तर मलाही) डोळ्यांपुढे येत नव्हतं. म्हणून सरळ भिंतींचा स्टीलचा डबा रात्रभर अंगणात उघड्यावर ठेवला. सकाळी पट्टी बुडवली तर ४२ मिमी. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. आमचं छप्पर ५० चौरस मीटर धरलं तर एका रात्रीत २१०० लिटर, १५ लिटरच्या १४० बादल्या. त्या १४० बादल्या मुलांनीच काढल्यात. साठाव्या बादलीनंतर कंटाळा आला म्हणून पुढच्या काहींना डोळे आणि मिशा आहेत. तशाच ठेवल्या.

आता खाजन. गोष्ट साधी आहे. नदीला भरती आली की खारं पाणी बांधाशी येतं, आत भातशेत, मध्ये मानस, म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट. मानशीची लाकडी दारं बाहेरच्या पाण्याच्या जोराने आपोआप बंद होतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं, दारं उघडतात, पावसाचं पाणी नदीत निघून जातं. ना मोटर, ना माणूस. (एका मुलाने 'मानस' हे 'माणूस' असंच वाचलं आणि शेवटपर्यंत दारामागे कोण उभा आहे ते शोधत राहिला.)

हे चित्रात दाखवून चालत नाही, कागदानेच करायला हवं. ३०० जीएसएमच्या जाड कार्डाचं दार कापलं, चिकटपट्टीने जोडलं. मुलाने नदीच्या बाजूने बोट लावलं आणि दार खुशाल आत, शेतात उघडलं! बिजागरी बरोबर होती, पण चौकटीची अडणी मी नदीच्या बाजूला चिकटवली होती. दाराला अडवायला शेताच्या बाजूला काही नव्हतंच. माझ्या पुस्तकात दर भरतीला कोरगुटाचं, म्हणजे खाजनातल्या भाताचं, शेत बुडालं असतं. कोरगुट खारेपणा सोसतो, पण इतकाही नाही.

दुसऱ्या प्रतीत अडणी हलवली, तर चिकटपट्टी सुटली. आमच्याकडच्या दमट हवेत जुलैमध्ये ती आठवडाभरही टिकत नाही. आता जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्टीची बिजागरी केलीय, मैद्याच्या खळीने चिकटवून. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. पण ही पुस्तकं मुलं तोंडात घालतात, तेव्हा विषारी मोरचूद नको. झुरळांचं काय करायचं ते बघू. पुस्तक रात्री स्टीलच्या डब्यात ठेवते, पावसाच्याच.

तिसरी प्रत जमली. नदीकडून ढकललं तर दार चौकटीला अडतं, शेताकडून ढकललं तर उघडतं. पाच मुलं रांगेत उभी राहून नुसतं दार ढकलत होती, गोष्ट कुणी ऐकली नाही. मला चाललं.

रंगाबद्दल एक. नदी मी कोबाल्ट ब्लूने रंगवली होती, छान पातळ वॉश. पहिला शेरा: "पावसांत न्हंय तांबडी जाता." (न्हंय म्हणजे नदी.) खरंच की! जांभ्याची माती धुऊन आली की म्हादई काय, झुवारी काय, कुठली निळी? आता बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन घालते. सुकल्यावर फिका पडतो, म्हणून दोन हात द्यावे लागतात.

पुढचं पुस्तक नळाचं. आमच्या फोंड्याच्या नळाला ओप्याच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं, खांडेपार नदीतून. दक्षिणेकडच्या नळांना साळावली धरणाचं. साळावली मोहात पाडतेय, कारण सांगे तालुक्यातल्या त्या धरणाचा सांडवा गोलाकार आहे, भरलं की पाणी कडेवरून आत कोसळतं. पानाला गोल भोक पाडून पाणी खालच्या पानावर पाडायचं, अशी योजना. पहिला प्रयत्न: भोक कंपासने आखलं, कटरने कापलं, कड कुरतडल्यासारखी आली आणि खालच्या पानाशी तीन मिमी सरकली. शिवल्यावर आणखी सरकेल.

जाड कार्डात आठ सेंमीचं स्वच्छ गोल भोक कुणी कशाने पाडलंय? सध्या लोणच्याच्या बरणीचं झाकण साचा म्हणून धरतेय.