रिपोर्ट नॉर्मल, गुडघा मात्र सुजलेला

आज ओपीडीत एक चिमुरडी आली. सकाळी उठली की लंगडते, दुपारी धावते. घरचे म्हणतात, नाटक करते. गुडघा हाताला गरम लागला, पण ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या दोन्ही नॉर्मल! लहान मुलांच्या संधिवातात असं होतं. तो नक्की ठरवेल अशी एकही रक्ततपासणी आज नाही. ६ आठवडे टिकलेली सूज बघायची आणि बाकीची कारणं वगळायची. म्हणूनच रक्तातली अमिनो आम्लं, लिपिड असे बारीक रेणू मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) मोजून या आजाराची खूण शोधणाऱ्यांकडे मी डोळे लावून आहे. सूज पेशींचा चयापचय बदलते, मग माग रक्तात सापडायला हवा. फार गरज आहे हो अशा तपासणीची.

आणि हो, अशा मुलांचे डोळे तपासून घ्याच. आत सूज असू शकते, आणि मूल बहुतेकदा तक्रारच करत नाही.