कापरेकर संख्या आणि त्यांच्या जोड्या

एफवायच्या (कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या) सी भाषेच्या प्रॅक्टिकलला आर्मस्ट्राँग संख्या सगळेच काढतात, म्हणजे ज्यांच्या तीन अंकांच्या घनांची बेरीज तीच संख्या येते अशा: 153, 370, 371, 407. मला ओढ होती ती द. रा. कापरेकरांच्या संख्यांची. डहाणूत जन्मलेले, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, देवळालीच्या शाळेतले शिक्षक. त्यांनी हे सगळं कागदावर केलं. माटुंग्याच्या कॉलेजात लॅब रिकामी मिळाली तशी मी प्रोग्रॅम लिहायला बसलो.

297 चा वर्ग 88209. संख्या तीन अंकी, म्हणून वर्गाचे उजवीकडचे तीन अंक तोडायचे: 88 आणि 209. बेरीज पुन्हा 297! अशी बेरीज जुळली की ती कापरेकर संख्या. सीमध्ये हे तुकडे करायला स्ट्रिंग (अक्षरांची माळ) वगैरे लागत नाही. 1000 ने भागलं की डावा तुकडा, % केलं (म्हणजे बाकी काढली) की उजवा. भाजक 10 पासून सुरू करून संख्येपेक्षा मोठा होईपर्यंत दहापट करत न्यायचा. वर्ग मात्र मी लाँग लाँग या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारातच ठेवला. 32 बिटांच्या इंट या साध्या पूर्णांक प्रकारात 46340 च्या पुढचे वर्ग मावत नाहीत, आणि 77778 सारखी देखणी संख्या हातची जाते.

हजारापर्यंत आलं: 1, 9, 45, 55, 99, 297, 703, 999. बघता बघता लक्षात आलं, 297 आणि 703 मिळून बरोबर हजार. 45 आणि 55 मिळून शंभर. मर्यादा दहा हजारांवर नेली तर 2223 ला 7777, 2728 ला 7272, 4950 ला 5050.

कारण कळल्याशिवाय उठवेना. वहीत मांडलं. वर्ग म्हणजे डावा × 1000 + उजवा, संख्या म्हणजे डावा + उजवा. वजाबाकी केली की उरतं डावा × 999. म्हणजे 297 × 296 ला 999 ने नि:शेष भाग जायलाच हवा, आणि जातो: भागाकार 88, तोच डावा तुकडा! आता 297 च्या जागी 1000 − 297 घाला. 703 × 702 ला 999 ने भागल्यावर बाकी तीच, शून्य. जोड्या तिथून येतात.

मग लाखापर्यंत चालवला. 95121 आली, पण तिची जोडीदार 4879 यादीत कुठेच नाही. ती चार अंकी, त्यामुळे माझा प्रोग्रॅम तिचे चारच अंक तोडत होता. तिचा वर्ग 23804641. उजवीकडून पाच अंक तोडून पाहिले: 238 आणि 04641. बेरीज 4879.