एकशे त्र्याऐंशी

रविवार, रात्री साडेदहा

आज इथे येऊन १८३ दिवस झाले. दुसरा कुणी सहा महिने म्हणाला असता. मी १८३ म्हणतो, कारण सोळा वर्षं करसल्लागार म्हणून काढली आणि हा आकडा डोक्यात खिळ्यासारखा बसला. परदेशी जाणारा क्लायंट समोर बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "दिवस मोजलेत का?" अर्ध्या वर्षाहून थोडे जास्त दिवस एका देशात काढले की बऱ्याच ठिकाणचा करकायदा तुम्हाला तिथला रहिवासी धरतो. (माझे दिवस दोन करवर्षांत विभागले गेलेत, त्यामुळे कायद्याच्या लेखी आज काहीच घडलेलं नाही. सवय जात नाही, एवढंच.)

खरी गंमत दोन्ही देश 'हा आमचा' म्हणतात तेव्हा येते. त्यासाठी ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुना करकरारातल्या चौथ्या कलमात एक जिना आहे. हा नमुना १९६३ पासूनचा, आणि देशादेशांतले कितीतरी करार त्यावर बेतलेले. पहिली पायरी, कायमचं घर कुठे आहे? दोन्हीकडे असेल तर वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त जवळचे? तेही ठरेना तर नेहमीचा मुक्काम कुठे? मग नागरिकत्व. आणि तरीही सुटलं नाही तर दोन सरकारांनी आपसांत बसून ठरवायचं. ज्याच्याबद्दल ठरतंय तो बाहेर बाकड्यावर.

दुपारी कपडे मशीनमध्ये फिरत होते तेव्हा मी हा जिना स्वतःला लावून पाहिला. पहिल्या पायरीवर बरोबरी. तिकडे आमचा फ्लॅट, इकडे भाड्याची एक खोली. कलमाला भाड्याची खोलीही चालते, ती सतत तुमच्या हाताशी असली म्हणजे झालं. दुसऱ्या पायरीवर अडकलो. आर्थिक संबंध म्हणाल तर शिकाऊ सुताराचा पगार इथे मिळतो आणि महिन्याच्या पाच तारखेपर्यंत त्यातला बराचसा तिकडे जातो. वैयक्तिक? बायको आणि मुलगी तिकडे, मुलीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत. इथे कोण आहे माझं? एकोणीस वर्षांचा एक पोरगा, जो मला झाडू कसा धरायचा ते शिकवतो.

झाडूचं खरंच आहे. भुसा ओढायचा नाही, ढकलायचा. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे.

नोकरी का सोडली, हे लोकांना सांगून सांगून मला त्या उत्तराचाच कंटाळा आलाय. आकड्यांचा वैताग आला होता असं नाही. ताळेबंद जुळला की अजूनही बरं वाटतं. फक्त सोळा वर्षांत मी केलेली एकही गोष्ट हातात धरून पाहता येत नव्हती. एवढंच कारण, आणि ते ऐकायला इतकं पोकळ वाटतं की मी बहुतेकांना "तिकडे संधी चांगली आहे" म्हणून मोकळा होतो.

मंगळवारी मात्र ताळेबंदाची आठवण आली. खणाच्या बाजूची फळी कापायची होती. गुण्या लावून रेघ मारली, करवत रेघेवर ठेवली आणि कापली. अगदी सरळ. मिस्त्रींनी फळी उचलली, मापली आणि नुसती माझ्यापुढे धरली. (इथे त्यांना मिस्त्री कुणी म्हणत नाही. मी मनातल्या मनात म्हणतो.) करवतीच्या पात्याला स्वतःची जाडी असते, साधारण एक मिलिमीटर. तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. तो कोणत्या बाजूचा व्हायचा ते आधी ठरवायचं आणि करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवायची. मी बरोबर रेघेवर चालवली, म्हणजे अर्धा मिलिमीटर माझ्याच फळीतून गेला. हिशोबात चूक झाली तर दुरुस्तीची नोंद टाकता येते, जमेची नावे, नावेची जमा. इथे भुसा खाली पडलेला असतो आणि तोही मलाच ढकलायचा असतो.

तरी हात शिकतायत. पटाशीला धार लावताना पात्याच्या पाठीवर कड उमटते, बोट फिरवलं की खरखर लागते. ती लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग पातं उलटून दगडावर ती कड काढायची. तीन महिन्यांपूर्वी मला ही खरखर जाणवतच नव्हती. मी 'हो हो' म्हणायचो आणि मिस्त्रींना कळायचं की हा खोटं बोलतोय. आता बोटाला कळतं.

जिभेचं तसं नाही. भाषेच्या बी१ पातळीचं प्रमाणपत्र घेऊन मी आलो. युरोप परिषदेने २००१ मध्ये त्या सहा पायऱ्या छापल्या, ए१ पासून सी२ पर्यंत, आणि बी१ म्हणजे प्रवासात, कामावर निभावून नेता येईल इतपत. निभावतं. कारखान्यात तर छान निभावतं, कारण तिथे बोट दाखवता येतं. फोनवर मात्र बोट नाही, चेहरा नाही, समोरचा घाईत. विजेच्या मीटरचा आकडा कळवायचा होता तर मी आधी अख्खं संभाषण कागदावर लिहून काढलं, दोन्ही बाजूंचं. पलीकडच्या बाईंनी दुसऱ्याच वाक्याला माझी संहिता सोडली.

त्याहून वाईट म्हणजे मी इथे विनोदी नाही. ऑफिसात टोमणा मारण्यात माझा हात कुणी धरत नसे. इथे जेवणाच्या सुट्टीत सगळे हसतात, मी अर्धा सेकंद उशिरा हसतो. उत्तर सुचतं, नाही असं नाही, पण ते जुळवेपर्यंत विषय दुसऱ्याच्या सासूवर गेलेला असतो. मग मी भला माणूस होतो. सगळ्यांशी सहमत, मान डोलावणारा, मंद. मला हा माणूस आवडत नाही. आमच्या ऑफिसात असा एकजण होता आणि आम्ही त्याला गृहीत धरायचो. तो परक्या भाषेत काम करत होता हे मला आज, मशीन फिरताना, पहिल्यांदा लक्षात आलं.

'कल्चर शॉक' हा शब्द लोकांत रुळवणाऱ्या कालेर्वो ओबेर्ग या मानवशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये रिओ दि जानेरोला एका महिला मंडळापुढे भाषण दिलं होतं. त्यात त्याने लक्षणं सांगितली: सारखे हात धुणं, पिण्याच्या पाण्याची नको इतकी काळजी, शून्यात बघत बसणं, किरकोळ उशिरावरून भडकणं. शेवटची दोन माझ्यात आहेत. हात मी धुतो, पण ते सरसासाठी.

लाकूड आणलं की लगेच कापायचं नसतं, ज्या जागी काम करायचं त्या हवेत ते आधी पडू द्यायचं, नाहीतर पुढे ओलावा बदलला की आडवं आखडतं नि तडकतं. हे ऐकल्या ऐकल्या मला त्यात स्वतःचं रूपक दिसलं आणि लगेच लाज वाटली. मिस्त्रींना त्यात फक्त लाकूड दिसतं. त्यांचे खण म्हणूनच अडकत नसावेत.

रात्री घरी फोन केला. बायकोला तो सगळा जिना सांगितला आणि विचारलं, "तुला काय वाटतं, माझे जास्त जवळचे संबंध कुठे?"

ती म्हणाली, "हे विचारायला फोन केलास? परवा म्हणालास ना, रेघ नीट दिसत नाही? तुझा चष्म्याच्या नंबराचा कागद सापडलाय. फोटो पाठवू का?"

"पाठव."

तिने दोन पाठवले. पहिला हललेला होता, त्यात कागदापेक्षा तिचा अंगठाच जास्त आहे. दुसरा स्पष्ट. दुकानदाराला दुसरा दाखवेन. पहिला ठेवलाय. दुकान उद्या सहापर्यंत उघडं असतं, म्हणजे कामावरून थेट जावं लागेल, आणि 'जवळचं दिसत नाही' हे नीट कसं म्हणायचं ते आधी बघून ठेवायला हवं.