विजय दिवस आणि रिसालदार काकांचं भाषण

आमच्या मंडळाचा १६ डिसेंबरचा, म्हणजे १९७१ च्या युद्धातल्या विजयाच्या दिवसाचा कार्यक्रम दरवर्षी ठरलेलाच, दीपप्रज्वलन, सत्कार, अध्यक्षांचं प्रास्ताविक, ते सांगत बसत नाही. माझं सगळं लक्ष असतं पुढच्या भाषणांकडे. विषय एकच, युद्धाच्या काळात पुढे उभी राहिलेली आपल्या महाराष्ट्राची माणसं.

यशवंतराव चव्हाणांवर शाळेतली एखादी पोरगी बोलतेच. देवराष्ट्र्याचा मुलगा, लहानपणीच वडील गेले, विठाईंनी वाढवलं, आणि १९६२ ला चीनचा तडाखा बसल्यावर नेहरूंनी मुख्यमंत्रीपदावरून थेट संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हटलं की टाळ्या पडतात. मला जास्त भावतं ते १ सप्टेंबर १९६५ चं, जम्मूतल्या छांबला पाकिस्तानी रणगाडे घुसलेले आणि त्याच संध्याकाळी साहेबांनी हवाई दलाला परवानगी दिली.

मग आमचे जुने फौजी, रिसालदार काका उठतात. जनरल अरुणकुमार वैद्य, आपल्या अलिबागचे, पुढे लष्करप्रमुख झाले, पण काकांसाठी ते अजून डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबच. १९६५ ला पंजाबातल्या असल उत्तरला समोर पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन रणगाडे, आपले शर्मन रणगाडे जुने, उभ्या पिकात दडवलेले, शेतात पाणी सोडलेलं, पॅटन चिखलात रुतले आणि आपल्या पोरांनी टिपले, हे सांगताना काका हातानेच रणगाडा वळवून दाखवतात. साहेबांना १९६५ ला महावीर चक्र आणि १९७१ ला परत महावीर चक्र! नंतर १९८६ ला पुण्यात साहेबांना गोळ्या घातल्या, तिथे आले की काका थांबतात, पाणी पितात. दरवर्षी ऐकूनही माझे डोळे भरतात.

आणि नेमक्या याच वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. ऑर्केस्ट्रा ठेवला की मैदान पुरत नाही. घराघरात फौजी असलेलं आपलं गाव, मग काकांसाठी अर्धा तास बसायला काय होतं? मला हे लागतं, दरवर्षी लागतं.

पण राबणारे राबतातच. मंडपवाले दादा, साउंडवाला, रांगोळीवाल्या वहिनी, पोरांकडून भाषणं घोटून घेणाऱ्या मराठीच्या बाई, वीरमातांना घरून आणून परत सोडणारा रिक्षावाला भाऊ, चहाच्या मावशी, खुर्च्या लावणारे शिपाई मामा, लाइट गेली की जनरेटरकडे पळणारी पोरं. आणि काकू राहिल्याच की, काकांची मेडल्स पुसून कोटाला लावून देतात त्या!